आधी जा तर!

प्रिय भाच्या,

अनेक आशीर्वाद. पोलंडला जायचं म्हणून कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून स्वेटर आणलेस, पण बॅग भरेनास, असं तायडी सांगत होती. "कायमचं जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो," म्हणालास म्हणे. अरे, कायमचं कोण म्हणालं? जाणं वेगळं, राहणं वेगळं. आज फक्त जायचं ठरव.

ज्या गांधीनगरात तू भाव करत होतास, तिथंच १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची वळिवडे छावणी होती. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका नि मुलं. १९४० पासून रशियनांनी पूर्व पोलंडातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेलेली, इराणमार्गे इथं आलेली. आमची आजी तिथं अंडी विकायची. लढाई संपली की घरी जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. १९४५ मध्ये सीमाच सरकली. घर जागेवर, देश सोव्हिएत! मग कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला. त्या बराकींत पुढं सिंधी आले.

तू निघालास ते पोलंडातलं व्रोत्सवाफ तरी काय? १९४५ पर्यंत ते ब्रेस्लाउ, जर्मन शहर. जर्मनांना घालवून पूर्वेकडून उठवलेले पोलिश तिथं आणले. जर्मन परत येतील या धास्तीनं कित्येकांनी वर्षानुवर्षं गाठोडी सोडली नाहीत.

या लोकांना राहायचं का, असं कुणी विचारलंच नाही. तुला विचारतील, आणि तू आत्ताच घाबरतोस! १८५४ मध्ये सायलेशियाचे, म्हणजे आजच्या दक्षिण पोलंडातले, शेतकरी टेक्ससला गेले ते ठरवून. पान्ना मारिया गावच वसवलं. तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या गालिसियातले गरीब पोलिश 'झा ख्लेबेम', म्हणजे भाकरीसाठी, शिकागोला जायचे, ते गावी जमीन घ्यायला डॉलर साठवायचे म्हणून. काही परतले. बाकीच्यांची मुलं तिथल्या शाळेत गेली, झालं.

माझंही तसंच. मस्कतला दोन वर्षांसाठी गेलो, एकोणीस राहिलो. दरवर्षी 'पुढच्या वर्षी'. पलंगाखालची ट्रंक कधी पुरती रिकामी केली नाही. आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी पोचलो. पण कर्ज फिटलं, तुझ्या आईचं बी.एड. झालं, नाहीतर घराचा लिलावच होता. जाण्यात माझं चुकलं नाही, कुणी काही म्हणो. राहायचं मी कधी ठरवलंच नाही, तिथं चुकलं.

तेव्हा करार संपायच्या तीन महिने आधी मला फोन कर. सल्ला देणार नाही, ठरवलंस का एवढंच विचारीन. आणि खोली मिळाली की पहिल्या रात्रीच बॅग रिकामी कर, स्वेटर कपाटात लाव.

तुझा,
मामा