होमरच्या महाकाव्यांवरून प्राचीन ग्रीक समाजाबद्दल काय कळतं?

बरंच काही कळतं, पण ते ट्रॉय नगरीसाठी ग्रीकांनी केलेल्या लढायांपेक्षा बारीकसारीक तपशिलांतून. ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ साधारण इ.स.पू. 8व्या शतकात आजच्या रूपाला आली असं बहुतेक अभ्यासक मानतात.

या जगात नाणी नाहीत, किंमत बैलांत मोजतात. ‘इलियड’मधल्या कुस्तीत जिंकणाऱ्याला 12 बैलांच्या मोलाची तिवई (विस्तवावर ठेवायचं तीन पायांचं भांडं) मिळते आणि हरणाऱ्याला 4 बैलांच्या मोलाची एक स्त्री. कवी हे इतक्या सहज सांगून जातो की वाचताना अंगावर काटा येतो. युद्धात हरलेल्या बाजूच्या बायका म्हणजे लुटीचा वाटा. ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस याचा प्रसिद्ध रागसुद्धा अशाच एका वाट्यावरून, म्हणजे हिरावलेल्या मानावरून पेटतो.

सभा भरते, पण बोलायचं सरदारांनी. थर्सिटीज हा सामान्य सैनिक ग्रीकांचा सरसेनापती अगामेम्नॉन याला सुनावतो, तेव्हा ओडिसियस हा सरदार थर्सिटीजला राजदंडाने झोडपतो.

मला सर्वांत बोलका वाटतो तो ‘ओडिसी’मधला पाताळातला, म्हणजे मृतांच्या लोकातला प्रसंग. मेलेला अकिलीस म्हणतो, मृतांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन माणसाकडे मजुरी परवडली. दुर्दशेचं टोक म्हणून त्याला गुलाम नव्हे, तर कुठल्याच घराचा आसरा नसलेला रोजंदार आठवतो!

मात्र हे एकाच काळाचं चित्र नाही. रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण होमरच्या शतकानुशतकं आधीच्या मायसिनी काळातलं (ग्रीसमधलं कांस्ययुग), तर इतर अनेक चालीरीती खूप नंतरच्या.