शेठचे पॅड

"मॅडम, पोरगं मुद्दाम गोल खाऊ राहिलं."

फोनवरच्या या वाक्याचा अर्थ लागायला मला वेळ लागला. बोलणारे रावेरकडचे केळीचे व्यापारी. रोज ट्रक भरून दिल्लीकडे लावणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा भारदस्त आवाज, पण मध्येच चिरकत होता. मुलगा 19 वर्षांचा, हॉकीतला गोलकीपर. राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली आणि त्यानंतरच्या तीन सराव सामन्यांत त्यानं शाळकरी पोरानंही अडवले असते असे चेंडू आत जाऊ दिले. कोचनी झापलं. घरच्यांनी डोळे तपासून आणले. डोळे ठणठणीत.

जळगावात इतकी वर्षं समुपदेशन करताना एक प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे: 'हे मला माझ्यामुळे मिळालं की घरच्यांमुळे?' डॉक्टरांच्या मुलीला तो पडतो, सराफाच्या गादीवर बसलेल्या मुलाला पडतो. मैदानावरून आलेला मात्र हा पहिलाच. त्याच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. संघातली पोरं त्याला 'शेठ' म्हणतात. मीही इथे तेच म्हणते, कारण अर्धं दुखणं त्या नावातच होतं.

पहिल्या दिवशी तो खुर्चीत नीट टेकलाही नव्हता. "माझ्यात माझं किती टक्के आहे ते सांगा. तुमच्याकडे टेस्ट असतात ना?"

झालं होतं ते असं. जिल्ह्याच्या संघात गोलकीपर दोन. दुसरा भुसावळचा, रेल्वेतल्या गँगमनचा मुलगा, मूळ अमळनेरकडचा. यादीत शेठचं नाव आलं, त्याचं नाही. यादी लागायच्या महिनाभर आधी शेठच्या वडिलांनी सगळ्या संघाला ट्रॅकसूट दिले होते. मग ग्रुपवर कुणीतरी एक चित्र टाकलं: केळीचा घड, त्याच्यावर गोलकीपरचं हेल्मेट. खाली हसण्याच्या खुणांची रांग. शेठनंही हसण्याची खूण टाकली आणि त्या रात्री तो पहाटेपर्यंत जागा राहिला.

आता माझी चूक सांगते. हॉकीतलं मला फारसं कळत नव्हतं, म्हणून पुढच्या भेटीआधी मी बरंच वाचून काढलं आणि मोठ्या उत्साहानं त्याला भारताचा गोलकीपर श्रीजेश याची गोष्ट ऐकवली. केरळातल्या शेतकऱ्याचा मुलगा, बाराव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या सरकारी क्रीडाशाळेत गेला. गोलकीपरचं किट परवडेना, तर वडिलांनी गाय विकली. हे श्रीजेशनं स्वतःच सांगितलेलं आहे. पुढे 2021 मध्ये टोकियोत जर्मनीविरुद्ध 5-4 अशी आघाडी असताना शेवटच्या सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर त्यानं अडवला आणि 41 वर्षांनी भारताला हॉकीत ऑलिंपिक पदक मिळालं. 2024 मध्ये पॅरिसला आणखी एक कांस्य घेऊन तो निवृत्त झाला.

शेठ शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "त्यांच्या वडिलांनी गाय विकली. माझ्या पप्पांनी ट्रक भरता भरता एक फोन केला, चौथ्या दिवशी किट दारात. मग खरा गोलकीपर कोण?"

मी गप्प. गरिबीतून वर आलेल्यांच्या गोष्टी आम्ही समुपदेशक उठसूट वापरतो. ज्याच्याकडे काही नाही त्याला त्या आधार देतात. ज्याच्या घरात सगळं आहे, त्याच्या जखमेवर मीठ चोळलं जातं, हे त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या भेटीला मी त्याला घरून चोपडी आणायला सांगितली, वखारीत वजनं मांडतात तसली लांबडी. डाव्या बाजूला घरच्या पैशानं आलेलं लिही, उजव्या बाजूला पैशानं आणता आलं नसतं ते.

डावी बाजू भराभर भरली. पॅड, किकर (बुटांवरचं जाड कवच), हेल्मेट, चेस्ट गार्ड, ग्लोव्ह्ज. गोलकीपरच्या अंगावर बाकी खेळाडूंच्या कितीतरी पट किमतीचा ऐवज असतो. पुण्यात दोन वर्षं भाड्याची खोली, टर्फवर म्हणजे कृत्रिम गवतावर सराव, खुराक, फिजिओ. सगळं लिहून झाल्यावर मी विचारलं, "नापास कधी झालास?" पंधराव्या वर्षी एका निवड चाचणीत तो पहिल्याच फेरीत बाहेर पडला होता. सोळाव्या वर्षी बोट मोडलं, दीड महिना घरी. दोन्ही वेळा घरात काय झालं? "काहीच नाही. आई म्हणाली, पुढच्या वर्षी." भुसावळच्या मुलाचं काय? तोही सोळाव्या वर्षी एकदा बाहेर पडला होता. त्यानंतर वर्षभर तो सकाळी केटररकडे कामाला जायचा आणि सराव संध्याकाळी उरला वेळ तर.

शेठनं स्वतःहून पेन उचललं आणि डाव्या बाजूला लिहिलं: 'चुकायला मिळालेली दोन वर्षं.' किटची किंमत त्यापुढे चिल्लर होती.

नंतर त्यानंच मला एक गोष्ट समजावली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. भुसावळचा मुलगा मुरमाच्या मैदानावर वाढला. मुरमावर गोलकीपर आडवा पडत नाही. पडला तर मांडी सोलून निघते आणि शाळेचं उसनं किट फाटतं. म्हणून तो उभ्यानंच अडवायला शिकला. टर्फवर पाणी मारलेलं असतं, चेंडू सुसाट येतो, तिथे घसरत जाऊन पाय आडवा टाकावा लागतो. निवड चाचणी टर्फवर झाली. "सर म्हणाले, त्याचं टेक्निक कच्चं आहे. मॅडम, ते टेक्निक नाही, ते मैदान आहे."

ऑलिंपिक हॉकी 1976 मध्ये मॉंट्रियलला पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि तोवर सात सुवर्णपदकं जिंकलेला भारत सातवा आला. मातीवर वाढलेल्यांची पंचाईत तेव्हापासूनची आहे. देशाची झाली ती जिल्ह्यांचीही होतेच.

उजवी बाजू दोन आठवडे कोरी राहिली. मग एक ओळ आली: 'ड्रॅग फ्लिक घेणाऱ्याचा मागचा पाय बघून चेंडू कुठे येणार ते कळतं.' (ड्रॅग फ्लिक म्हणजे पेनल्टी कॉर्नरला चेंडू काठीनं ओढत जोरात गोलकडे फेकणं.) लगेच ती खोडली. का? तर हेही पुण्यात रोज शंभर-शंभर फ्लिक झेलून आलं, आणि ते पैशाशिवाय झालं नसतं.

मी वडिलांना, म्हणजे भाऊंना, बोलावून घेतलं. भाऊंनी चोपडी हातात घेतली, मुलाचं अक्षर बराच वेळ बघितलं.

"मॅडम, ठिबक होतं म्हणून घड वजनी झाला, हे खरं आहे. पण बाजारात ठिबकाला कोणी भाव देत नाही. भाव घडाला."

"आणि ज्याच्या शेतात ठिबक नाही त्याचा घड?" मुलानं विचारलं.

भाऊंना उत्तर सुचलं नाही. आणि मला पहिल्यांदा नीट दिसलं की हा मुलगा दोन प्रश्न एकात कालवून बसला आहे. मी लायक आहे का, हा एक. दुसऱ्यावर अन्याय झाला का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 3.66 मीटर रुंदीच्या गोलपोस्टमध्ये रोज मिळू शकतं. दुसऱ्याचं उत्तर 'हो, बहुधा झाला' असं असू शकतं, आणि तरी पहिल्याचं उत्तर 'हो' राहू शकतं. टक्केवारी निघत नाही, कारण पाणी आणि माती घडात गेल्यावर वेगळी काढता येत नाहीत. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. आणखी एक सांगितलं, जरा कडकच: "तू सोडलेला गोल त्या मुलाच्या खात्यात जमा होत नाही. तुझ्या संघाच्या नावे पडतो फक्त."

पण ट्रॅकसूट उरले होते. ते टाळून पुढे जाणं म्हणजे मुलाला खोटं पाडणं. मी भाऊंना सरळ विचारलं, देताना मनात काय होतं?

बराच वेळ पंख्याचा आवाज. मग खाली बघत म्हणाले, "पोरांना मदत, हे होतंच. पण... वाटलं, आपलं पोरगं नजरेत राहील."

शेठ उठून बाहेर गेला. पुढच्या आठवड्यात आला नाही. भाऊ मात्र आले, एकटेच, केळीची फणी घेऊन. म्हणाले, आमच्या काळी हॉकीत पैसा कुठे होता, हौस म्हणून घातलं पोराला. आता हॉकी इंडिया लीगच्या 2024 च्या लिलावात भारताच्या हरमनप्रीतला 78 लाख लागले म्हणतात, तेव्हा मलाच हाव सुटली. ही कबुली त्यांनी मुलासमोरही दिली, हे मला नंतर कळलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात त्याच्या झोपेसाठी सगळ्यात जास्त कशानं केलं असेल, तर त्यानं. मुलाला संशय येतच असतो. बाप खोटं बोलतो तोवर त्याला दुसरं काही दिसत नाही.

मध्येच एक सांगते, कारण हे वाचून भुसावळच्या मुलासारख्यांचे आईबाप मला फोन करतील. घरात पैसा नाही म्हणून दार बंद, असं नाही. महाराष्ट्रात शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनी आहेत. रेल्वे आणि सैन्यदल खेळाडूंना नोकरी देतात, राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. श्रीजेशलाही गाय विकायच्या आधी सरकारी क्रीडाशाळा मिळाली होती, हे गोष्ट सांगताना आपण गाळतो. फक्त ही दारं लहान वयात शोधावी लागतात, आणि शोधायलाही घरात कोणीतरी मोकळं लागतं.

शेठ पुन्हा आला तेव्हा त्यानं ठरवूनच टाकलं होतं: नाव मागे घेतो. मी नको म्हटलं नाही. एवढंच विचारलं, त्या मुलाला विचारलंस का? नव्हतं विचारलं. त्याच्या वतीनं सगळं ठरवत होता. शेठपणा असा चांगुलपणातही डोकावतो, आणि हे मी त्याला बोलूनही दाखवलं.

तो भुसावळला गेला. रेल्वे ग्राउंडजवळ चहाच्या टपरीवर भेट झाली. माफी, नाव मागे घेण्याची गोष्ट, सगळं त्यानं एका दमात बोलून टाकलं. समोरच्यानं कटिंग संपवला आणि म्हणाला, "दया नको भाऊ माले. पॅड दे."

शिबिर सुरू व्हायला पाच आठवडे होते. आठवड्यातून तीन दिवस दोघं एकच किट आलटून पालटून घालून टर्फवर शूटआउट खेळायला लागले. आठ सेकंद, 23 मीटरच्या रेषेवरून एकटा खेळाडू चेंडू घेऊन येतो, समोर एकटा गोलकीपर. टर्फपर्यंतचं भाडं भाऊंनी द्यायचं म्हटलं. भुसावळच्या मुलानं रेल्वेचा पास दाखवला. यादी बदलली नाही. पुढच्या वर्षीच्या चाचणीत काय होईल, कोणास ठाऊक.

शेवटच्या भेटीला शेठ उशिरा आला. डोळे लाल, चेहरा ओढलेला. मी घाबरले, पुन्हा सुरू झालं की काय.

"काल त्यानं दहातले सात अडवले. मी पाच."

"मग?"

"झोपच लागली नाही. घसरायला शिकला तो आता. आणि मी उजवीकडे उशिरा जातो, मॅडम, प्रत्येक वेळी उशिरा."

घड्याळाकडे बघत तो उठला. भुसावळची गाडी पकडायची होती.