मागचे पाय ओढणाऱ्या सशाला मालिश नको

काल रात्री उड्या मारत होता, सकाळपासून मागचे दोन्ही पाय ओढतोय. पण खातोय, कुठून पडलाही नाही, म्हणून दोन दिवस मालिश करून बघू का, असं विचारलंय तुम्ही. नका करू. एक्स-रे होईपर्यंत पाठीचा कणा मोडलाय असंच धरून चला.

त्यासाठी पडावं लागत नाही. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम ७-८ टक्के, आणि मागच्या पायांत ताकद मात्र दांडगी. दचकून एक जोरदार लाथ झाडली की कमरेचा मणका स्वतःच मोडून घेतो. माझ्या भुरीचं तेच झालं. रात्री खिडकीत मांजर आलं, पिंजऱ्यात धडपड ऐकू आली, मी उठून मांजर हाकललं आणि झोपले. सकाळी ती पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत पाण्याकडे चालली होती.

उचलताना छाती आणि ढुंगण दोन्हीला आधार द्या. घट्ट तळाच्या खोक्यात ठेवा, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा आणि सशांवर नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे आजच न्या. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका.

एक्स-रेत काही सापडलं नाही, तर संशय एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली या परजीवीवर जातो. तो मेंदू, मज्जारज्जू आणि किडनीत घर करतो. कधी मानही वाकडी होते. त्यावर फेनबेंडाझोल हे जंतांवरचं औषध सहसा २८ दिवस देतात. रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे तोच गुन्हेगार असं नव्हे. धडधाकट सशांतही ती पॉझिटिव्ह येते. पाय गार लागत असतील तर तेही सांगा, क्वचित रक्ताची गुठळी अडकलेली असते. म्हाताऱ्या सशांत मणके झिजतात, पण ते एका रात्रीत नाही.

पायाचं बोट चिमटल्यावर पाय मागे घेतला म्हणून हुरळून जाऊ नका. तेवढं मज्जारज्जू मेंदूला न विचारताही करतो. चिमटल्यावर ससा वळून बघतो का, चिडतो का, हे महत्त्वाचं. तेही डॉक्टरांनाच करू द्या.

माझी खरी चूक लघवीची. भुरीचं ढुंगण ओलं होतं, म्हणून मी निश्चिंत. प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरून ओसंडत होतं. डॉक्टरांनी ते हाताने दाबून रिकामं केलं, मलाही शिकवलं. न शिकता कुणी दाबू नये. ओली कातडी सोलपटते, त्यावर माशा अंडी घालतात, अळ्या पडतात.

निघण्याआधी बघून ठेवा: शेवटची लघवी कधी केली, रात्रीपासून लेंड्या किती पडल्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.