टोमॅटोला तेल सुटू दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा बडोद्यात मकरपुऱ्याहून परतताना तू फोनवर म्हणालास, "काकू, पास्ता केला, पण सगळं पाणचट, आणि क्रीम फाटलं." तेवढ्यात तुझी बस आली, बोलणं राहिलं. म्हणून लिहितेय.

क्रीम खराब नव्हतं रे. पनीरसाठी आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो ना, तेच तुझ्या कढईत झालं. आंबट आणि मोठी आच एकत्र आली की दुधातलं प्रथिन गोळा होतं. त्यात अमूलचं क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचं. परदेशी कृतींत बहुधा ३५ टक्क्यांच्या वरचं धरलेलं असतं, ते जास्त सोसतं. माझंही एकदा असंच झालं होतं. मुलीच्या मैत्रिणी जेवायला होत्या आणि मी रटरटत्या टोमॅटोत क्रीम ओतलं. पोरी काही बोलल्या नाहीत, पण ताटातले ते कण मला अजून दिसतात.

दोघांपुरतं सांगते. खंडेराव मार्केटातून अर्धा किलो टोमॅटो आण, पिकलेले, दाबले तर किंचित दबणारे. घराखालच्या भाजीच्या लारीवरचे घेतलेस तरी चालेल, पण हिरवट देठाचे नकोत. पास्ता २०० ग्रॅम, पेने, म्हणजे नळ्यांसारखा, घे. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलंय का ते बघ, मैद्याचा लगदा होतो. चिकन सॉसेज २५० ग्रॅम. ते सकाळीच फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून जा. संध्याकाळी गोठलेलं कापायला गेलास तर सुरी घसरेल.

आल्या आल्या हातपाय धुण्याआधी दोन लिटर पाणी गॅसवर चढव. उकळलं की दोन सपाट चमचे मीठ.

सॉसेजच्या बोटभर जाड चकत्या कर. इटलीच्या सॉसेजमध्ये बडीशेप असते, आपल्याकडच्यात बहुतेक नसते. म्हणून अर्धा चमचा बडीशेप खलबत्त्यात भरड कुटून घे. कढईत तेल तापलं की चकत्या पसर आणि हात लावू नकोस. खालची बाजू तांबूस झाली की मगच उलट. सतत ढवळलंस तर त्या वाफेत शिजतात, रंग येत नाही. चकत्या काढून ठेव. कढईच्या बुडाला जो तपकिरी थर राहतो, तो धुऊन टाकू नकोस, सगळी चव त्यातच आहे. त्याच कढईत बारीक कांदा, चार पाकळ्या लसूण, बडीशेप, थोडं तिखट. मग टोमॅटो आणि मीठ. टोमॅटोचं पाणी सुटलं की उलथन्याने बूड खरवड, थर आपोआप विरघळतो.

आता खरी गोष्ट. इथे १५ मिनिटं लागतात आणि ती लागू देत. आईला रस्सा करताना पाहिलंयस ना, मसाला कडेने तेल सोडतो तोवर ती पाणी घालत नाही. तसंच. आधी टोमॅटो पाणी सोडतील, मग ते आटेल, रंग गडद होईल, फुटणारे बुडबुडे जड होतील आणि कडेला तांबडं तेल दिसेल. तेव्हा चाखून बघ. आंबट लागलं तर चिमूटभर साखर. बडोद्यात राहून एवढी साखर तर चालायचीच.

मधल्या वेळात पास्ता पाण्यात टाक. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढ, उरलेला तो रश्शात शिजेल. पाणी ओतून देण्याआधी वाटीभर बाजूला ठेव. त्यात पिठूळपणा उतरलेला असतो, त्याने रस्सा मिळून येतो आणि क्रीमही सांभाळलं जातं.

सॉसेज आणि पास्ता रश्शात घाल, त्या पाण्याचा अर्धी वाटी शिपका दे, दोन मिनिटं परतून घे. मग गॅस बंद कर. मिनिटभर थांब. क्रीम फ्रीजमधून आधीच काढलेलं असू दे. १०० मिली क्रीमात दोन चमचे गरम रस्सा कालव आणि मग ते कढईत सोड. रंग केशरी होईल, आणि फाटणार नाही.

मिरपूड वरून. घरमालक सामिष चालवून घेतात ना, हे आधी विचारून घे, त्यांचा मान राखायला हवा. उरलेलं क्रीम झाकून दोन-तीन दिवसांत संपव. डब्याला नेलास तर रात्रीतून पास्ता घट्ट होतो. दोन चमचे गरम पाणी घालून मंद आचेवर हलव, उकळू नकोस.

रविवारी कर आणि फोन कर.

तुझी,
काकू