कळशी कोण उचलणार?

प्रश्न : वय ४८. डोंबिवलीची जागा विकून संगमेश्वर तालुक्यातल्या गावी कायमचे राहायला जावे, असे मला वाटते; पत्नीला मात्र गाव आवडत नाही. तिची समजूत कशी घालू?

उत्तर : लोकलची गर्दी, जागेला येणारी किंमत, गावची स्वस्ताई, हापूसची २५ कलमे, हे सारे आपण चार पानांत चोख मांडले आहे आणि त्यात फारशी चूकही नाही. (कलमांच्या उत्पन्नाचा आकडा तेवढा निम्मा करा, मोहोर कोणाच्या वहीप्रमाणे येत नाही.) पण तिसऱ्या पानावर, कंसात, एक वाक्य आहे : ‘मे महिन्यात विहीर आटते, पण आई खालच्या वाडीतून पाणी आणते, तिला सवय आहे.’ त्यापुढचे पान मी कसेबसे वाचले.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरीही तिथला जांभा दगड ते पाणी धरून ठेवत नाही आणि उतारावरचे थेट समुद्राला मिळते, म्हणून शिमगा सरला की विहिरींचा तळ दिसू लागतो. आपण गणपतीला जाता तेव्हा विहीर काठोकाठ भरलेली असते. आंबे खायला जाता तेव्हा मात्र आपल्या अंघोळीचे पाणी सत्तरी उलटलेल्या बाईने डोक्यावर चुंबळ ठेवून, चिऱ्यांच्या पायऱ्या चढून आणलेले असते. सवय झाली आहे ती मला तरी आपल्यालाच झालेली दिसते.

पत्नीला ‘गाव आवडत नाही’ याचा अर्थ आता लावा. सासूबाई थकल्या की तो हंडा कोणाच्या डोक्यावर येणार, हे त्या घरात कोणी बोलून दाखवले नसेल, पण लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात तिला ते कळले असावे. तिची समजूत घालण्याची युक्ती माझ्याकडे नाही, आणि असती तरी मी ती आपल्याला दिली नसती.

येत्या वैशाखात महिन्याची रजा काढून एकटे गावी जा आणि पिण्याचे, भांड्यांचे, धुण्याचे सारे पाणी स्वतः वाहून आणा. आई कितीही ‘राहू दे रे, तुला नाही जमायचं’ म्हणाल्या, तरी त्यांना कळशी घेऊन उंबरा ओलांडू देऊ नका. शेजारच्या पोराला पैसे देऊन भरून घेतलेले पाणी यात धरायचे नाही. तोवर घरात हा विषय काढू नका, आणि जागेसाठी दलालाशी बोलला असाल, तर त्याला आजच थांबायला सांगा.