पोरं जपून चालतीलच, पण गाडी हळू कोण करणार?

प्रश्न : ताई, आमचं गाव यावल तालुक्यात, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडला लागूनच जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. गेटबाहेर पाय टाकला की डायरेक्ट डांबर. केळीच्या गाड्या, डंपर, काळीपिवळी, सगळं भरधाव. मागे एका पोराला बाईकवाल्याने उडवलं, पाय मोडला. स्पीडब्रेकरसाठी अर्ज दिले तर या ऑफिसातून त्या ऑफिसात पाठवतात. आता गावातली पोरं म्हणताय की आपणच वर्गणी काढून मुरूम-डांबर टाकू. टाकू का? - एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य

उत्तर : भाऊ, राग अगदी खरा आहे तुमचा, पण घरगुती ब्रेकर टाकू नका. उंच, अरुंद, रंग नसलेला ब्रेकर रात्री दिसत नाही आणि मागे बायको-लेकरू बसवून येणारा बाईकवाला तिथेच आपटतो. रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था इंडियन रोड काँग्रेस, तिच्या मापात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून गाडी साधारण २५ च्या स्पीडने नीट जाते, आणि त्याच्या आधी बोर्ड अन वर पट्टे लागतातच.

आता ऑफिसं का फिरवतात ते बघा. रस्ता नेमका कोणाचा हे अर्जात लिहिलेलं नसतं. राष्ट्रीय महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असतं, राज्यमार्गाचं हिरवं, पण रस्त्याचा दर्जा बदलला तरी दगड जुनाच उभा राहू शकतो, म्हणून ग्रामपंचायतीकडून लेखी खात्री करून घ्या. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकामकडे. राष्ट्रीय महामार्ग निघाला तर स्पीडब्रेकरच्या मागे लागून वेळ घालवू नका, केंद्राने २०१६ मध्ये महामार्गांवरचे ब्रेकर काढायला सांगितले होते. तिथे रम्बलर पट्ट्या (गाडी खडखडवणाऱ्या बारीक उंचवट्यांच्या पट्ट्या), शाळेचा त्रिकोणी बोर्ड, पिवळा ब्लिंकर म्हणजे उघडझाप करणारा दिवा, झेब्रा पट्टे आणि रेलिंग मागायचं.

आणि अर्जात नुसतं 'ब्रेकर द्या' लिहू नका, 'शाळेसमोर स्पीड ३० च्या आत आणा' असं लिहा, कारण सगळा खेळ स्पीडचा आहे. ५० च्या स्पीडची गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे ड्रायव्हरला पोरगं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ती एवढी पुढे आलेली असते, ब्रेक लागायचा अजून बाकीच. ३० ला तेच अंतर ८ मीटरच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. सात-आठ वर्षांच्या लेकराला गाडी लांब आहे की जवळ ते कळतं, पण ती किती जोरात येतेय याचा अंदाज येत नाही, वय वाढल्यावरच येतो. मग 'पोरांना शिस्त नाही' असं जो म्हणतो त्याला विचारा, ट्रक चालवणारा मोठा माणूस आहे की नाही?

अर्जाला वजन कसं येतं, तर ग्रामसभेचा ठराव आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव दोन्ही जोडून. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा हा आवाज आपलाच आहे. शाळा भरताना आणि सुटताना गेटवरून काढलेले फोटो लावा, आधीचे अर्ज लावा, आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १९८-अ आलंय, रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मापाप्रमाणे नसल्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात हे कलम लिहाच.

हे होईपर्यंत एक काम गावात करता येईल, आणि माझ्या मते ते सगळ्यात भारी आहे. शाळेला गावठाणाच्या बाजूने मागे नवीन गेट काढता येतंय का बघा. निम्म्याहून जास्त पोरांना मग रोडवर यायचंच काम नाही. ते जमत नसेल तर गेटसमोर आडवं रेलिंग लावा, म्हणजे सुट्टी झाली की पळत सुटलेलं पोरगं सरळ रोडवर जात नाही, वळसा घालूनच निघतं. पोलीस स्टेशनला शाळेच्या दोन्ही वेळेला होमगार्ड मागा, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळची शाळा होते तेव्हा ही वेळ पण बदलून घ्या, हे हमखास राहून जातं. पोरांच्याच हातात झेंडे देऊन गाड्या थांबवायला उभं करू नका, कृपा करून.

प्रश्न : धुळ्यात नातवाला घ्यायला जातो. शाळा सुटली की गेटवर बाईक, रिक्षा, व्हॅन, समोर गारीगारची गाडी, पाय ठेवायला जागा नाही. काय करावं? - एक आजोबा

उत्तर : आजोबा, इथे धोका आपल्याच गाड्यांचा आहे. उभ्या रिक्षा-बाईकच्या मधून लहान पोरगं बाहेर येतं तेव्हा ते कोणत्याच ड्रायव्हरला दिसत नाही, त्याची उंचीच तेवढी. पालक सभेत ठरवा की गाड्या गेटपासून शंभर पावलं लांब लावायच्या आणि पोराला हात धरून चालत न्यायचं. रिक्षा-व्हॅनने शाळेच्याच बाजूला थांबायचं, पोरांना रोड क्रॉस करायला लावायचं नाही. पहिली-दुसरी आधी सोडा, मोठे वर्ग दहा मिनिटांनी. आणि गारीगारवाल्याला हाकलू नका, त्याचंही पोट आहे, त्याला शाळेच्या बाजूला बोलवा, कारण हातात पाच रुपये असलेलं पोरगं दोन्हीकडे बघत नाही.

प्रश्न : शेतातून शाळेत येताना फुटपाथ नाही, पोरांनी कोणत्या बाजूने चालावं? आणि कोणाला लागलं तर उचलायला भीती वाटते, पोलिसांचं लफडं मागे लागेल म्हणून. - अमळनेर तालुका

उत्तर : उजव्या बाजूने, साईडपट्टीवरून, एकामागे एक, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. कापसाच्या दिवसात ट्रॉली दोन्ही बाजूंनी फुगलेली असते, ती आली की थांबून आणखी बाजूला सरकायचं. आणि उचलायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर केस होत नाही, स्वतःचं नाव-गाव सांगायची पण सक्ती नाही. १०८ ला फोन लावा, मान-पाठीला लागलेलं वाटत असेल तर उगाच ओढाताण करू नका, आणि गाडी येईपर्यंत दोन माणसं दोन्ही बाजूंना लांब उभी करून ट्रॅफिक थांबवा.