'रोजगार' म्हणजे नोकरी नव्हे, आणि त्यातला 'रोज' मजुरीचाही नव्हे

प्रश्न असा आहे: "बेकार आणि बेरोजगार यांत फरक काय? आणि आठवड्यात तासभर काम केलेल्या माणसाला सरकारी पाहणी बेरोजगार धरतच नसेल, तर त्या शब्दाला अर्थ काय उरला?"

पहिल्या भागाला फार वेळ नको. दोन्ही शब्द फारसी वळणाचे, दोन्हींत 'बे' म्हणजे वाचून. 'कार' म्हणजे काम. कारकून, कारखाना, कारभार यांतला. मराठीत 'बेकार'ला 'टाकाऊ' हा अर्थ इतका चिकटला की माणसाला तो लावणं बोचू लागलं. 'सुशिक्षित बेकार' मागे पडून 'सुशिक्षित बेरोजगार' पुढे आला, तो माझ्या मते याच कारणाने.

खरी गंमत 'रोजगार'मध्ये आहे. त्याची सर्रास केली जाणारी फोड अशी: रोज म्हणजे दिवस, गार म्हणजे करणारा, म्हणून 'रोजचं काम'. ऐकायला सुबक, पण चूक. कामगार हा माणूस असतो, गुन्हेगार हा माणूस असतो. रोजगार माणूस असतो का? फारसीत हा शब्द सबंधच येतो आणि त्याचा अर्थ आहे काळ, दिवस, जमाना. इराणी माणूस आजही तो त्याच अर्थाने वापरतो. कामाचा, मजुरीचा त्यात मागमूस नाही. 'काळ' पासून 'आलेले दिवस निभावणं' आणि तिथून 'उपजीविका' अशी वाट हिंदुस्थानात तुडवली गेली असावी, हा माझा तर्क. मराठीत तर 'रोज' हा दिवसाच्या मजुरीचाच शब्द होता ('रोज किती पडतो?'). शेजारी रोजंदारी होती, रोजमुरा होता. मराठी कानाने 'रोजगार'मध्ये ती मजुरी ऐकली आणि काळ हरवला. गार प्रत्ययाला नेहमी कर्ताच मानणाऱ्यांनी 'यादगार'ची फोडही त्याच हट्टाने करून दाखवावी.

हे आडवळण वाटेल, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच हरवलेल्या काळात आहे. 'हा माणूस बेरोजगार आहे' हे वाक्य पाहणीच्या दृष्टीने अर्धवट आहे. कोणत्या काळात? आपल्याकडे १९७० साली बेरोजगारीच्या अंदाजांचा विचार करणाऱ्या दांतवाला समितीने बजावलं की भारतासारख्या देशात बेरोजगारीचा एकच आकडा काढून उपयोग नाही. त्यानंतर १९७२-७३ च्या २७व्या फेरीपासून राष्ट्रीय नमुना पाहणीत तीन मापं आली.

पहिलं वर्षाचं, मागच्या ३६५ दिवसांचं. इथे आधी पाहतात की त्या वर्षातला जास्त काळ माणूस श्रमशक्तीत होता (काम करत किंवा काम मिळण्याच्या तयारीत) की बाहेर. श्रमशक्तीत असला, तर मग काम जास्त की बेकारी जास्त. क्रम महत्त्वाचा. समजा एखाद्याने ४ महिने काम केलं, ३ महिने शोधलं, ५ महिने शिकला. सर्वांत मोठा तुकडा शिक्षणाचा, म्हणून 'विद्यार्थी' लिहाल तर चुकाल. ४ आणि ३ मिळून ७, ते ५ पेक्षा जास्त, म्हणजे श्रमशक्तीत. आणि ४ हे ३ पेक्षा जास्त, म्हणजे कामावर. शिवाय मुख्य स्थिती काहीही असो, वर्षात ३० दिवस किंवा अधिक दुसरं काही काम केलं असेल तर ते दुय्यम काम म्हणून मोजलं जातं. आपल्याकडचा बेरोजगारीचा वार्षिक आकडा बहुधा हे दोन्ही धरून असतो, म्हणून तो कमी दिसतो.

दुसरं आठवड्याचं. मागच्या ७ दिवसांत कोणत्याही एका दिवशी निदान तासभर काम केलं की माणूस कामावर. तिसरं दिवसाचं: ४ तास किंवा अधिक म्हणजे पूर्ण दिवस, १ ते ४ तासांच्या आत म्हणजे अर्धा. २०१७ पासूनच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात (पीएलएफएस) पहिली दोन मापं राहिली. तिसऱ्याऐवजी आठवड्यातल्या प्रत्येक दिवसाचे तास विचारतात.

आता एकच माणूस घ्या. मंगळवारी २ तास हमाली मिळाली, बाकी आठवडाभर शोधत फिरला. आठवड्याच्या मापाने तो कामावर. दिवसाच्या मापाने अर्धा दिवस काम, साडेसहा दिवस बेरोजगारी. दोन्ही खरं. तासाची अट सरकारने आकडा सजवायला आणली, हे वाक्य मात्र रोज कानावर येतं आणि डोकं फिरवतं. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय श्रम सांख्यिकीतज्ज्ञांच्या परिषदेच्या ठरावातही तासभरच आहे. कारण सरळ आहे: राष्ट्रीय उत्पन्नात त्या तासाचं उत्पादन धरता, तर ते करणारा माणूसही कुठेतरी धरायला हवा. काम पुरेसं होतं का, पैसे किती मिळाले, हे प्रश्न वेगळे. ते तास आणि कमाईच्या रकान्यांत पाहायचे. बेरोजगारी दराकडून अर्धपोटीपणा मोजण्याची अपेक्षा ठेवणाऱ्याने दराला दोष देऊ नये.

उलट आपली व्याख्या एका बाबतीत सैलच आहे. आंतरराष्ट्रीय कसोटीत बेरोजगार ठरायला काम नसणं, तयारी असणं आणि शोध घेतलेला असणं, तिन्ही लागतात. आपल्याकडे शोधलं नाही पण मिळालं तर करीन, एवढंही पुरतं. आठवड्याच्या स्थितीत शोधणाऱ्याला संकेतांक ८१, नुसत्या तयारीतल्याला ८२. दोघेही बेरोजगार.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे 'बेरोजगारी ५ टक्के, म्हणजे शंभरातले पाच रिकामे'. छेद लोकसंख्येचा नसतो, श्रमशक्तीचा असतो. २०२३-२४ चे १५ वर्षांवरील वार्षिक आकडे घ्या: श्रमशक्तीत ६०.१ टक्के, कामावर ५८.२ टक्के. फरक १.९. त्याला ६०.१ ने भागलं की ३.२ टक्के हा दर. म्हणजे १५ वर्षांवरच्या शंभरांत बेरोजगार दोनसुद्धा नाहीत. जवळपास चाळीस जण मोजणीतच नाहीत. त्याच वर्षी आठवड्याच्या मापाने दर ४.९ होता. माणसं तीच, काळ वेगळा.

आणि 'रोजगार म्हणजे नोकरी' ही चूक तर आकडाच बिघडवते. अन्वेषकाने "नोकरी करता का?" विचारलं की शेतकरीण "नाही, घरीच असते" म्हणणार, आणि तिच्यापुढे संकेतांक ९२ पडणार: फक्त घरकाम. घरातला एकच जण सगळ्यांची उत्तरं देत असेल तर ही चूक आणखी सहज होते. म्हणून कामं एकेक करून विचारावी लागतात: निंदणी, जनावरं, धार. घरच्या गाईचं दूध घरातच संपलं तरी ते काढणं हे आर्थिक काम. त्या दुधाचं घरच्यापुरतं तूप कढवणं नाही. घरकामासोबत सरपण गोळा करणारी ९३, श्रमशक्तीबाहेर. घरच्या शेतात बिनपगारी राबणारी मात्र २१, आणि २१ म्हणजे कामावर. पैसा न मिळताही रोजगारात.

बिनपगारी कामासाठी मराठीत खास शब्द होता तो 'वेठबिगार'. 'वेठ' संस्कृत 'विष्टि'पासून, 'बिगार' फारसीतून, अर्थ दोन्हींचा तोच: फुकट करवून घेतलेलं काम. राबवणारे बदलले तसा शेजारी नवा शब्द येऊन बसला, जुना गेलाच नाही. २१ला मी वेठबिगार म्हणणार नाही, पण 'रोजगारप्राप्त' लिहितानाही हात अडखळतो. 'घरच्या धंद्यातले मदतनीस' हे साधं वर्णन बरं.

'दहा लाख रोजगार निर्माण' या मथळ्यांविषयीही विचारणार असाल. पाहणी माणसं मोजते. दोन कामं करणारा एकदाच येतो. रोजगार हमीचा हिशेब मनुष्यदिवसांत असतो. कंपनी सांगते त्या जागा असतात. तेव्हा 'दहा लाख' नंतर माणसं, दिवस की जागा, यांपैकी एक शब्द लिहा आणि 'रोजगार' हा अनेकवचनी मोजायचा शब्द म्हणून वापरू नका. बेकार की बेरोजगार, ते तुमच्या कानाला रुचेल तसं.